विंडोज एक्सपीमधील विंडोज मेसेंजर कायमचा कसा काढावा?

छापखाना_कराड
नमस्कार. कराडमध्ये आमचे छोटे मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि गणेशोत्सवाच्या सुमारास मंडळांच्या स्मरणिका अशी कामे येथे होतात. नवे काम आम्ही युनिकोडमध्ये नव्या संगणकावर करतो. मात्र जुन्या फायली पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये जुळवलेल्या आहेत, आणि त्या मराठी सॉफ्टवेअरचे कुलूप (ज्याशिवाय ते चालत नाही असे छोटे उपकरण) समांतर प्रिंटर पोर्टलाच बसते. त्यामुळे २००२ साली घेतलेला विंडोज एक्सपीचा एक संगणक आम्ही अजून जपून ठेवला आहे. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आजही त्याच संगणकावर बसतात.

गेल्या महिन्यात त्याची हार्ड डिस्क गेली. ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याने ८० जीबीची एक वापरलेली डिस्क बसवून, संगणकासोबत मिळालेल्या मूळ रिकव्हरी सीडीवरून एक्सपी पुन्हा घातली. पेजमेकर, फाँट आणि कुलूप हे सर्व व्यवस्थित चालू झाले. पण तेव्हापासून घड्याळाजवळ विंडोज मेसेंजरचे, माणसाच्या आकृतीचे एक छोटे चिन्ह दिसू लागले असून त्यावर लाल फुली आहे. मधूनच तेथून एक पिवळा फुगा वर येतो आणि आपण आत्ताच इंटरनेटशी जोडले गेला आहात, आता डॉट नेट पासपोर्ट जोडा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दाखवतो. पहिल्या दिवशी तो मजकूर वाचून अण्णांनी कपाटातून स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला होता. त्यात हसण्यासारखे असले, तरी जुळणी चालू असताना मध्येच एखादी खिडकी उघडली की त्यांच्या हातून भलतीच कळ दाबली जाते आणि मजकूर बिघडतो, हा त्रास खरा आहे.

मी आतापर्यंत पुढील प्रयत्न केले. कंट्रोल पॅनेलमधील ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्सच्या यादीत या मेसेंजरचे नावच नाही. चिन्हावर उजवे क्लिक करून एक्झिट निवडले, तर दुसरे काही प्रोग्राम मेसेंजरच्या सुविधा वापरत आहेत, आधी ते बंद करा, असा संदेश येतो आणि त्या संदेशात आउटलुक एक्सप्रेस या ईमेलच्या प्रोग्रामचे नाव असते. प्रोग्राम फाइल्समधील मेसेंजर नावाचा फोल्डर डिलीट करू पाहिला, पण फाइल वापरात असल्याचे सांगून संगणकाने नकार दिला. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनात, संगणकासोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या म्हणजे स्टार्टअपच्या यादीतील त्याची खूण काढल्यावर संगणक सुरू होताना चिन्ह दिसेनासे झाले, पण आउटलुक एक्सप्रेस उघडताच ते पुन्हा हजर होते. गिऱ्हाइकांची जुनी पत्रे आणि प्रुफांच्या दुरुस्त्या मी सीडीवरून आउटलुक एक्सप्रेसमध्येच परत आणल्या आहेत, त्यामुळे तो न उघडणे हा उपाय होऊ शकत नाही.

पेजमेकर किंवा फाँट यांना धक्का न लावता हा मेसेंजर पूर्णपणे कसा काढता येईल, हे कृपया कोणी सांगावे.

दुरुस्तीवाला_नगर
ताई, हे सोपे आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स उघडा, त्यात सर्व्हिसेस उघडा, यादीत मेसेंजर हे नाव शोधा, त्यावर दोनदा क्लिक करून स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा आणि स्टॉप दाबा. २००३ च्या सुमारास आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या संगणकावर मी हे केलेले आहे, कारण तेव्हा लोकांच्या पडद्यावर जाहिरातींच्या राखाडी चौकटी येत असत आणि या उपायानंतर त्या बंद होत.

गणकयंत्र
दुरुस्तीवाला यांनी सांगितलेली कृती उपयोगी आहे, पण ती वेगळ्या दुखण्यावरची आहे. नावांच्या सारखेपणामुळे हा घोटाळा त्या काळीही सर्रास होत असे, म्हणून आधी तो सोडवतो.

सर्व्हिसेसच्या यादीत दिसणारी मेसेंजर ही पडद्यामागे चालणारी सेवा आहे. एकाच कार्यालयातील संगणकांनी एकमेकांना छोट्या सूचना पाठवाव्यात, सर्व्हर बंद होणार असेल तर सर्वांना तसे कळावे, छपाईचे काम पूर्ण झाले की ज्याने ते पाठवले त्याला निरोप जावा, यासाठी ती होती आणि नेट सेंड या आज्ञेने तिच्यामार्फत निरोप पाठवता येत असे. इंटरनेटवरून कोणीही अनोळखी माणूस तिच्याद्वारे आपल्या पडद्यावर चौकट उघडू शकतो, हे जाहिरातदारांच्या लक्षात आल्यावर त्या राखाडी चौकटींचा सुळसुळाट झाला. पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये या सेवेतील एक गंभीर सुरक्षादोषही जाहीर झाला आणि ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून (सर्व्हिस पॅक म्हणजे विंडोजच्या दुरुस्त्यांचा एकत्रित संच) ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. या सेवेला चिन्ह नसते, खाते नसते आणि ती पासपोर्टही मागत नाही.

आपल्याकडे दिसतो तो विंडोज मेसेंजर हा गप्पांचा प्रोग्राम आहे, म्हणजे पूर्वीच्या एमएसएन मेसेंजरचे एक्सपीसोबत जन्मतःच आलेले भावंड. तो स्वतंत्रपणे बसवलेला प्रोग्राम नसून विंडोजचाच एक घटक म्हणून येतो, त्यामुळे तो ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्सच्या मुख्य यादीत दिसत नाही. आउटलुक एक्सप्रेस आपल्या संपर्कयादीतील कोण ऑनलाइन आहे हे दाखवण्यासाठी त्याला हाक मारतो, म्हणून एमएसकॉन्फिगमधील खूण काढूनही तो परत येतो. तेथील खूण काढल्याने फक्त त्याचे आपोआप सुरू होणे थांबते आणि दुसऱ्याने बोलावल्यावर येणे चालूच राहते. थोडक्यात, आपण समोरचे दार लावले आहे आणि तो मागच्या दाराने येत आहे.

तथापि आपल्या प्रश्नातील एका वाक्याने मला मेसेंजरपेक्षा अधिक काळजीत टाकले. आपण आत्ताच इंटरनेटशी जोडले गेला आहात, असे तो फुगा म्हणतो. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही अशी आपली समजूत असेल, तर ती एकदा तपासून पाहावी. त्यासाठी मला तीन गोष्टी कळवा: माय कॉम्प्युटरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर जनरल या पानावर सिस्टिमखाली नेमके काय लिहिलेले आहे, त्यात सर्व्हिस पॅकचा उल्लेख आहे का, आणि संगणकाच्या मागे नेटवर्कची तार लावलेली आहे का.

कोथरूडकर
इतके खोलात जाण्याची आवश्यकता नाही, असे मला वाटते. स्टार्ट मेनूतील रनमध्ये जीपीएडिट टिंब एमएससी टाइप करून ग्रुप पॉलिसी, म्हणजे संगणकावर नियम लावण्याची सोय, उघडावी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स आणि मग विंडोज मेसेंजर असे आत जावे. तेथे विंडोज मेसेंजर चालू देऊ नये अशा अर्थाचा नियम आहे, तो एनेबल्ड करावा. येथे एनेबल्ड म्हणजे बंदी लागू करणे, हे मात्र लक्षात ठेवावे, कारण घाईत बरेच जण बंद करायचे म्हणून डिसेबल्ड निवडतात आणि मग काहीच फरक पडला नाही म्हणून परत येतात. आमच्या कार्यालयात चाळीस संगणकांवर मी हे केले होते आणि एकाही संगणकावर तो पुन्हा दिसला नाही.

छापखाना_कराड
सर्वांचे आभार. दुरुस्तीवाला यांच्या सांगण्याप्रमाणे ती सेवा मी बंद केली, परंतु गणकयंत्र यांनी म्हटल्याप्रमाणे चिन्हात काही फरक पडला नाही. कोथरूडकर यांनी सांगितलेले नाव टाइप केल्यावर अशी फाइल सापडत नाही, असा संदेश येतो. मी स्पेलिंग तीनदा तपासले.

सिस्टिमखाली मायक्रोसॉफ्ट विंडोज एक्सपी, होम एडिशन, व्हर्जन २००२ एवढेच लिहिलेले आहे आणि सर्व्हिस पॅकचा उल्लेख कोठेही नाही. नेटवर्कची तार मात्र लावलेली आहे. आमचा लेझर प्रिंटर नेटवर्कवर असून नवा आणि जुना असे दोन्ही संगणक त्यावर छपाई पाठवतात. त्या तारा ज्या पेटीत (राउटरमध्ये) जातात, त्याच पेटीतून बिलांच्या संगणकाला इंटरनेट मिळते. डिस्क जाण्यापूर्वी हा संगणक इंटरनेटवर जात नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते. तेव्हा नेमकी कोणती व्यवस्था केलेली होती, ते ठाऊक असलेला ऑपरेटर आता आमच्याकडे नाही.

गणकयंत्र
आता चित्र स्पष्ट झाले. ग्रुप पॉलिसीचा संपादक एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत असतो, होममध्ये तो दिलेलाच नाही. कोथरूडकर यांचा उपाय बरोबर आहे, फक्त तो आपल्या आवृत्तीत त्या वाटेने करता येत नाही. आपल्या सीडीवरील एक्सपी ही २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली त्या मूळ रूपातील आहे. तेथील २००२ हा आवृत्तीच्या नावाचा भाग आहे, त्यावरून सर्व्हिस पॅकबद्दल काही समजू नये. (दुरुस्ती करणाऱ्याने ८० जीबीची डिस्क बसवली हे नशीब, कारण सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क धड ओळखता येत नाही आणि मोठ्या डिस्कवर माहिती बिघडण्याचा धोका राहतो.)

आपल्या मूळ आवृत्तीत विंडोज मेसेंजर काढण्याची सोय आहे, पण ती यादीत लपवून ठेवलेली आहे. विंडोजच्या कोणत्या घटकांची नावे वापरणाऱ्याला दाखवायची आणि कोणती नाही, हे एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असते. विंडोज फोल्डरमध्ये आयएनएफ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात ही फाइल असते. तिच्या नावाची रोमन अक्षरे एस, वाय, एस, ओ, सी अशी असून त्यापुढे टिंब आणि आयएनएफ येते. हा फोल्डर एरवी दिसत नाही, म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू येथे जाऊन लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय आधी निवडावा लागेल. काहीही बदलण्यापूर्वी या फायलीची एक प्रत माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवावी.

त्यानंतर ती फाइल नोटपॅडमध्येच उघडावी. कंपोनंट्स या शीर्षकाखाली एकाखाली एक ओळी दिसतील. त्यांपैकी एमएसएमएसजीएस या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. त्या ओळीच्या शेवटाकडे दोन स्वल्पविरामांच्या मध्ये हाइड हा इंग्रजी शब्द असेल आणि त्यानंतर ७ हा आकडा असेल. फक्त हाइड हा शब्द खोडायचा आहे. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही स्वल्पविराम जागेवर राहिले पाहिजेत, म्हणजे शब्द गेल्यावर ते एकमेकांना चिकटून दिसतील. आपण प्रुफे तपासता, त्यामुळे ही सूचना आपल्याला दोनदा सांगावी लागणार नाही. हाच शब्द इतर ओळींतही दिसेल, आणि सगळीकडचा एकदम काढून टाकावा असा सल्ला पूर्वी अनेक ठिकाणी दिला जात असे, पण तसे करू नये. ज्या घटकांची आपल्याला माहिती नाही, त्यांच्यासमोर एक खूण काढली की ते जातील अशी सोय अण्णांच्या हाताशी कशाला ठेवायची?

फाइल जतन केल्यावर आउटलुक एक्सप्रेस बंद करावा. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, प्रोसेसेसमध्ये त्याच एमएसएमएसजीएस नावाची नोंद असल्यास ती निवडून एंड प्रोसेस करावे. मग ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स नव्याने उघडून डावीकडील ॲड रिमूव्ह विंडोज कंपोनंट्सवर क्लिक केल्यास यादीत विंडोज मेसेंजर दिसेल. त्याच्यासमोरील खूण काढून नेक्स्ट करावे आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा. पेजमेकरचा, फाँटचा किंवा पोर्टवरील कुलपाचा या घटकाशी काहीही संबंध नाही.

हेच काम रनमध्ये एक लांबलचक आज्ञा टाइप करूनही होते, पण त्यात एखादा स्वल्पविराम जरी इकडेतिकडे झाला तरी आज्ञा चालत नाही आणि संदेशावरून चूक कोठे झाली ते कळत नाही. म्हणून मी आपल्याला यादीचाच मार्ग सुचवतो.

इंटरनेटचा विषय मेसेंजर निघाल्यावर घेऊ, पण तोपर्यंत छपाई नसेल तेव्हा ती तार काढून ठेवावी ही विनंती. एक्सपीसाठीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, आणि आपल्या संगणकावर तर त्यापूर्वीच्या सुमारे साडेबारा वर्षांतील एकही दुरुस्ती नाही.

बिनतारी
गणकयंत्र यांच्या सविस्तर उत्तरात एका गोष्टीची भर घालते. एकदा खाते उघडून साइन इन केले की तो फुगा तरी गप्प बसेल, असा सल्ला कोणी दिल्यास त्यात वेळ घालवू नये, कारण आता तेथे साइन इन होणे शक्यच नाही. हा प्रोग्राम ज्या सेवेवर चालत असे, ती मेसेंजर सेवा २०१३ साली बंद करून लोकांना स्काइपकडे वळवण्यात आले. फक्त चीनमध्ये ती ऑक्टोबर २०१४ पर्यंत चालू होती. पासपोर्ट हे नावही केव्हाच गेले आणि त्याच व्यवस्थेचे पुढचे रूप आज मायक्रोसॉफ्ट खाते म्हणून ओळखले जाते. आपल्याकडचा मेसेंजर हा, गाव उठून गेल्यावरही वेशीवर उभा राहून परवाना विचारणाऱ्या पहारेकऱ्यासारखा झाला आहे.

२००४ साली माझे यजमान मस्कतला होते, तेव्हा सांगलीच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी याच खिडकीत त्यांच्याशी बोलत असे, त्यामुळे त्या चिन्हाबद्दल माझ्या मनात मुळीच राग नाही. तरीही आपल्या संगणकावर त्याचे आता काही काम उरलेले नाही, हे मान्य करावे लागते.

छापखाना_कराड
गणकयंत्र सर, आपण सांगितल्याप्रमाणे आज दुपारी सर्व केले. ती ओळ सापडली, शब्द खोडला, दोन्ही स्वल्पविराम शाबूत ठेवले. यादीत विंडोज मेसेंजर दिसला आणि खूण काढल्यावर एका मिनिटाच्या आत तो निघूनही गेला. संगणक पुन्हा सुरू केल्यावर चिन्ह नाही, फुगा नाही आणि आउटलुक एक्सप्रेस उघडल्यावरही तो परत आला नाही. पेजमेकर व्यवस्थित उघडतो आणि जुनी पत्रिका उघडून तिची एक प्रतही छापून पाहिली.

परंतु एक नवीच अडचण उभी राहिली आहे. आउटलुक एक्सप्रेस पूर्वी लगेच उघडत असे, तो आता उघडण्यास बराच वेळ घेतो. पांढरी खिडकी दिसते, माउसचा बाण वाळूच्या घड्याळात बदलतो आणि त्यानंतर कितीतरी वेळाने पत्रे दिसतात. एकदा उघडल्यावर मात्र तो नेहमीसारखा चालतो. माझ्या हातून काही चुकले आहे का?

गणकयंत्र
आपल्या हातून काहीही चुकलेले नाही. हा परिणाम ठाऊक असलेला आहे आणि मी तो आधीच सांगायला हवा होता, तो माझ्या लिहिण्यातून राहून गेला. मेसेंजर निघून गेला, पण ही बातमी आउटलुक एक्सप्रेसला कोणी सांगितलेली नाही. तो उघडताना सवयीप्रमाणे मेसेंजरला हाक मारतो, उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर येत नाही अशी खात्री झाल्यावरच पुढे जातो.

आधी आउटलुक एक्सप्रेसमध्येच दोन गोष्टी कराव्यात. टूल्समधील ऑप्शन्स उघडून जनरल या पानावर विंडोज मेसेंजरमध्ये आपोआप लॉग ऑन होण्याचा पर्याय असेल, त्याची खूण काढावी. त्यानंतर व्ह्यूमधील लेआउट उघडून कॉन्टॅक्ट्सची खूण काढावी, म्हणजे डावीकडे खाली दिसणारा संपर्कांचा चौकोन जाईल. पत्ते त्यामुळे पुसले जात नाहीत, ते ॲड्रेस बुकमध्ये असतातच. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

तरीही उशीर होत असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, एक नोंद करावी लागेल. रनमध्ये रेजएडिट टाइप करून रजिस्ट्रीचा संपादक उघडावा. फाइलमधील एक्सपोर्ट वापरून आधी संपूर्ण रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवावी. मग एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट आणि आउटलुक एक्सप्रेस असे एकामागून एक उघडत जावे. उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत उजवे क्लिक करून न्यू आणि डीवर्ड व्हॅल्यू निवडावे. नव्या नोंदीला हाइड मेसेंजर असे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे, दोन्ही शब्दांमध्ये एक मोकळी जागा सोडावी आणि तिची किंमत २ ठेवावी. जो शब्द आपण तेथे खोडला, तोच येथे लिहायचा आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

रजिस्ट्री उघडलेलीच असताना, हवे असल्यास कोथरूडकर यांच्या नियमाचा होम आवृत्तीतील पर्यायही करून घेता येईल. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट येथे जाऊन मेसेंजर नावाची कळ (रजिस्ट्रीतील फोल्डरसारखी जागा) आणि तिच्या आत क्लायंट नावाची कळ तयार करावी. त्या आतल्या कळीत प्रिव्हेंट आणि रन हे दोन शब्द जोडून लिहिलेल्या नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवावी. ग्रुप पॉलिसीचा तो पडदा पडद्यामागे हीच नोंद करत असतो. प्रोग्राम निघून गेल्यावर याची निकड उरत नाही, त्यामुळे हे केले नाही तरी बिघडणार नाही. मात्र पुन्हा कधी त्याच सीडीवरून एक्सपी घालावी लागली, तर मेसेंजर आणि त्यासोबत हा सर्व खटाटोप पहिल्यापासून करावा लागेल, म्हणून प्रत्येक पायरी वहीत लिहून ती वही सीडीजवळच ठेवावी.

आता इंटरनेटविषयी. प्रिंटर चालू ठेवून केवळ इंटरनेट तोडण्याची युक्ती अगदी साधी आहे आणि आपला पूर्वीचा ऑपरेटर बहुधा हेच करून गेला असावा. सध्या संगणक आपला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील स्वतःचा क्रमांक, त्या पेटीकडून आपोआप घेतो आणि त्यासोबतच बाहेर जाण्याचा रस्ता, म्हणजे डिफॉल्ट गेटवेही त्याला मिळतो. नेटवर्क कनेक्शन्समध्ये लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडून टीसीपी आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता हाताने भरावा. त्याचा आरंभीचा भाग प्रिंटरच्या पत्त्यासारखाच असावा आणि शेवटचा आकडा दुसऱ्या कोणाकडे नसलेला, शक्यतो पेटी आपोआप वाटते त्या टप्प्याच्या बाहेरचा असावा. सबनेट मास्क भरावा, पण डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) हे दोन्ही रकाने कोरे सोडावेत. प्रिंटर त्याच जाळ्यात असल्यामुळे छपाई चालू राहील, पण बाहेर जाण्याचा रस्ता ठाऊक नसल्यामुळे संगणक इंटरनेटवर जाणार नाही.

कोथरूडकर
गेटवे कोरा ठेवण्याची युक्ती उत्तम आहे, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. त्याच जाळ्यातील बिलांच्या संगणकाला काही लागण झाली, तर ती आतूनच जुन्या संगणकापर्यंत पोहोचू शकते, तिला गेटवे लागत नाही. पेनड्राइव्हबाबतही तेच म्हणता येईल. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकात तपासून, फक्त आवश्यक ती फाइल आपल्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन मगच जुन्या संगणकाला लावावा. याशिवाय, त्या वापरलेल्या डिस्कवर भरवसा ठेवणे मला पटत नाही. आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रे निवडून एखाद्या फोल्डरवर ओढून टाकली, तर प्रत्येक पत्राची ईएमएल प्रकारची वेगळी फाइल तयार होते आणि ती नव्या संगणकावरील अनेक मेल प्रोग्रामांमध्ये उघडते. गिऱ्हाइकांच्या प्रुफांची पत्रे अशा रीतीने हलवली, तर उद्या ही डिस्क गेली तरी पत्रे हाताशी राहतील.

छापखाना_कराड
लॉग ऑनची आणि कॉन्टॅक्ट्सची खूण काढल्याने उशीर निम्म्यावर आला होता, रजिस्ट्रीतील नोंदीनंतर आउटलुक एक्सप्रेस पुन्हा पूर्वीसारखा लगेच उघडू लागला. प्रिव्हेंट रनची नोंदही करून ठेवली. गेटवे आणि डीएनएस कोरे ठेवून पत्ता हाताने भरला आहे. प्रिंटरवर छपाई जाते आणि इंटरनेट एक्सप्लोरर उघडला तर पान सापडत नाही असे सांगतो, म्हणजे जे हवे होते तेच झाले.

कोथरूडकर यांच्या सल्ल्याप्रमाणे पत्रे हलवण्याचे काम काल सुरू केले असून २००९ पर्यंतची पत्रे नव्या संगणकावर आली आहेत. सर्व पायऱ्या वहीत लिहून ती सीडीच्या पाकिटाबरोबर ठेवली आहे. अण्णांनी पासपोर्ट परत कपाटात ठेवला. दुरुस्तीवाला, बिनतारी आणि इतर सर्वांचे मनापासून आभार.